शेड्यूलभाऊ

शेड्यूलभाऊ ओळखायला फार हुशारी लागत नाही. "कधी येतोस?" असं विचारल्यावर साधा माणूस "येतो संध्याकाळी" म्हणतो. शेड्यूलभाऊ म्हणतो, "सहा-चाळीसला. शनिवार सोडून."

हल्ली गावागावातून असा एकेक मुलगा निघतो. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन नाहीतर डिप्लोमा करतो आणि नागपूर, पुणे, हैदराबाद असं कुठंतरी एखाद्या काचेच्या इमारतीच्या तळघरात नोकरीला लागतो. त्याच्या पदाचं नाव बीएमएस, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, ऑपरेटर. बाराव्या मजल्यावरचा एसी सकाळी किती वाजता सुरू व्हावा, पार्किंगचे दिवे कधी लागावेत, संडासातला पंखा कधी थांबावा, हे तो खिडकी नसलेल्या खोलीत बसून संगणकावर ठरवतो. सूर्यप्रकाश त्याला आलेखातच दिसतो.

आमचा शेड्यूलभाऊ मूळचा गोंदियाजवळच्या बिरसीचा, नोकरीला नागपुरात. बिरसीच्या माणसाला वेळापत्रकाचं अप्रूप असायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं गावावर घिरट्या घालू लागली. 13 मार्च 2022 ला प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं आणि 1 डिसेंबर 2023 ला पुन्हा सुरू झालं. वेळापत्रक छापणं वेगळं आणि पाळणं वेगळं, हे बिरसीत शेंबड्या पोरालाही कळतं. ते न कळलेला एकच माणूस गावात निघाला, आणि त्याला नेमकं हेच काम मिळालं.

त्याच्या कामाचं तो वर्णन करतो तेव्हा वाटतं, यात कसलं कौशल्य? सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एवढे आकडे टाकायचे. पण पहिल्याच महिन्यात त्याने नऊ टाकले आणि एसी सुरू झाला दुपारी अडीचला. मे महिना, नागपूर. वरच्या मजल्यावरून आलेल्या फोनांची भाषा इथं छापता येणार नाही. कारण एवढंच निघालं, की कंट्रोलरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. कंट्रोलरने बरोबर नऊलाच एसी लावला होता, फक्त ग्रीनिचचे नऊ. तेव्हापासून भाऊ कुठल्याही नव्या माणसाला भेटला की आधी मनगटावरचं घड्याळ बघतो. स्वतःचं नाही, समोरच्याचं.

त्याचा दुसरा शत्रू सूर्य. पार्किंगचे दिवे सूर्यास्ताला आपोआप लागावेत, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. अक्षांश-रेखांश टाकले की झालं. मुंबईच्या हेड ऑफिसने आकडे टाकले ते अर्थातच मुंबईचे. नागपुरात सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी बुडतो. रोज संध्याकाळी तेवढा वेळ लोक अंधारात मोबाइलच्या उजेडात स्कूटर शोधू लागले. भाऊने हेड ऑफिसला कळवलं. तिकडून उत्तर आलं, "सूर्य सगळीकडे एकच आहे." यावर भाऊने सविस्तर पत्र लिहिलं. त्यात बिरसीचाही दाखला दिला, की आमच्या गावी तर मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी दिवस मावळतो. नोकरीच्या पत्रव्यवहारात गावाचं नाव घालायची संधी त्याने तेवढी एकदाच साधली.

आणि सुट्ट्या! 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या सुट्ट्या गुणी. एकदा टाकल्या की दरवर्षी आपल्या पावलांनी येतात. "महिन्याचा दुसरा शनिवार" हेही यंत्राला समजतं. पण पिठोरी अमावस्या समजत नाही. पोळा, दिवाळी, ईद यांच्या तारखा दरवर्षी हाताने भराव्या लागतात. म्हणून डिसेंबर आला की भाऊ कालनिर्णय विकत घेतो, चष्मा पुसतो आणि लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरला तिथी शिकवायला बसतो. एका वर्षी पोळ्याची नोंद राहिली. रिकाम्या इमारतीत बारा मजले दिवसभर गारेगार होते आणि खाली रस्त्यावर बैल घामाघूम.

तरी त्याचं खरं दुःख वेगळंच. त्या यंत्रणेत आज्ञेला मान असतो, पण उतरंडीने. एकूण सोळा पायऱ्या. पहिल्या पायरीवर जिवाच्या सुरक्षेचे हुकूम, म्हणजे आग लागली तर काय करायचं ते. आठव्या पायरीवर माणसाने हाताने दिलेला हुकूम. वेळापत्रक बहुधा बसतं सोळाव्या पायरीवर, अगदी तळाला. एखाद्या साहेबाला थंडी वाजली आणि कुणी आठव्या पायरीवरून "बंद" म्हणून ठेवलं, की तो हुकूम मागे घेईपर्यंत वेळापत्रकाने कितीही ओरडावं, कुणी ऐकत नाही. हुकूम देणाऱ्याची मग बदली होते, तो निवृत्त होतो, त्याचा निरोप समारंभ होतो. हुकूम मात्र तिथंच. भाऊला एकदा असा एक पंखा सापडला, जो तीन व्यवस्थापकांपूर्वी कुणाच्या तरी पडशापायी बंद केला होता.

ही उतरंड त्याने घरालाही लावली आहे. आजी पहिल्या पायरीवर. बायको दोन ते सात. आठवर बाबा, कारण ते सगळं हातानेच करतात. "आणि तू?" विचारलं तर सांगतो, "सोळा. डिफॉल्ट."

बाबांचा आठवा क्रमांक सिद्धही झाला. भाऊ एकदा रजेवर आला तो धानाच्या पंपासाठी डायलचा टायमर घेऊनच. सकाळी सहाला मोटार सुरू, दहाला बंद. बाबांनी हात जोडले. शेतीची थ्री-फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. सहाला टायमर म्हणाला "चालू", पण तारेत वीजच नव्हती. त्यातून हा टायमर विजेवर चालणारा. वीज गेली की त्याची तबकडी जागच्या जागी थांबायची, आली की तिथून पुढे. चार दिवसांत त्याचे सकाळचे सहा जाऊन पोचले भरदुपारी. बाबांनी टायमर काढून पाटावर ठेवला आणि म्हणाले, "काहून रे भाऊ, लाइनले विचारून वेळ टाकला होता का?"

अशा माणसाला सुट्टी केव्हा असते? बहुधा नसतेच. दिवाळीला इमारत बंद. यंत्रणा बंद. पण ती खरोखर बंद आहे ना, हे बघायला कुणीतरी चालू लागतो. तो भाऊ. गावात मंडई सुरू झाल्याचं त्याला फोनवर कळतं. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं, एवढ्या बेताने. हे कुणी संगणकात भरत नाही आणि एकाची मंडई दुसऱ्यावर सहसा आदळतही नाही. भाऊला हे कळलं तेव्हा त्याने आधी विचारलं, "याचा बॅकअप कुणाकडे आहे?"

एका वर्षी त्याला मंडईला रजा मिळाली. रात्री झाडीपट्टीचं नाटक. जाहिरातीत वेळ साडेनऊची. भाऊ नऊ-पंचवीसला सतरंजी घेऊन हजर. मंडपात तो आणि दोन कुत्री. दहा वाजले. पडद्यामागे कुणीतरी पेटी जुळवत होतं. साडेदहाला बाया-माणसं येऊ लागली. अकराला नाटक सुरू झालं, तेव्हा भाऊचा राग डोक्यापर्यंत पोचला होता. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "अकराचंच नाटक होतं, तर साडेनऊ कायले छापता जी?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "अकरा छापलं तर लोकं साडेबाराले येतात ना."

भाऊ गप्प झाला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच युक्ती आहे. खोली नऊला गार हवी असेल तर यंत्र स्वतःच हिशेब करतं, की बाहेर किती तापलंय, भिंती किती तापल्यात, आणि त्या मानाने सात-साडेसातलाच सुरू होतं. दोन दिवस बंद राहिलेली इमारत सोमवारी हट्टी असते, तेव्हा आणखी आधी. याला ऑप्टिमम स्टार्ट म्हणतात. त्याचं प्रशिक्षण घ्यायला कंपनीने भाऊला दोन दिवस हॉटेलात ठेवलं होतं, जेवणासकट. म्हाताऱ्याने ते एका वाक्यात उरकलं, बिडी न विझवता.

नागपूरला परतल्यावर भाऊ बदलला. देखभालीची बैठक दहाला असते आणि लोक साडेदहाला जमतात, हा जुना अनुभव. त्याने सगळ्यांना साडेनऊची वेळ कळवली. दहाला खोली भरली. साहेबांनी पाठ थोपटली आणि पुढच्या महिन्यापासून सर्वच बैठका त्याच्याकडे दिल्या.

दोन-तीन महिने बरे गेले. मग लोकांनी भाऊला ओळखलं. त्याने नऊ म्हटलं की ते मनातल्या मनात अर्धा तास मिळवू लागले. भाऊने साडेआठ केलं, लोकांनी तास मिळवला. परवा भेटला तेव्हा शुक्रवारच्या बैठकीची वेळ तो गुरुवारी संध्याकाळची टाकत होता.