पातळ पिझ्झ्याची परीक्षा कशी घ्यावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या घराजवळच्या चौकातलं साड्यांचं दुकान जाऊन तिथे थिन क्रस्ट पिझ्झ्याची नवी चेन आली आहे, ज्यांच्या मागच्या गल्लीत एक-दोन मालकांनी स्वतः चालवलेले पिझ्झेरिया आधीपासून तग धरून आहेत, आणि या दोघांपैकी चांगलं कोण याबद्दल ज्यांना अजून ठाम मत नाही, अशा पुणेकरांसाठी. उद्घाटन होऊन आठवडा झाला तरी मत नसणं हे पुण्यात प्रकृती बरी नसल्याचं लक्षण मानतात. त्यामुळे खालील पायऱ्या लवकरात लवकर पूर्ण कराव्यात.

थोडी पूर्वपीठिका

१९९६ साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरात उतरलं. मुंबईत स्मोकिन जोजसारखे देशी पिझ्झेवाले त्याआधीच कामाला लागले होते. बाकीचा महाराष्ट्र बेकरीतून दोन बेसचं पाकीट आणायचा, त्यावर केचप फासायचा, कांदा-ढोबळी मिरची पसरायचा, अमूल चीज किसायचा आणि तव्यावर झाकण ठेवून वाट बघायचा. त्या बेसचा स्पंज एवढा जाड असायचा की वर काहीही घातलं तरी तो निमूटपणे जिरवून घ्यायचा.

या पिढीला थिन क्रस्ट पहिल्यांदा दिसला की तिचा पहिला प्रश्न असतो, ‘एवढ्या पैशांत बेस कुठे गेला?’ प्रश्न रास्त आहे. पण जाड बेसमध्ये कच्चं पीठ, घाईने फुगवलेलं पीठ, आंबट सॉस असं सगळं लपतं. पातळ बेसमध्ये काहीच लपत नाही. म्हणून परीक्षा घ्यायची तर पातळ पिझ्झ्याचीच घ्यावी.

पायरी १ : साहित्य जमवा

शाळेतली ३० सेंटीमीटरची पट्टी, टिश्यू पेपर, घड्याळ आणि भूक असलेला पण मत नसलेला एक सोबती. असा सोबती मिळाला नाही तर होस्टेलवर राहणारा भाचा चालेल.

युरोपची ग्रुप टूर करून आलेल्या नातेवाइकांना सोबत नेऊ नये. टूरवर रोज रात्री त्यांनी भारतीय जेवणाचा बुफेच खाल्लेला असतो, पण रोममध्ये दुपारी उभ्याउभ्या खाल्लेल्या एका तुकड्याच्या जोरावर ते पुढची वीस वर्षं निकाल देत राहतात.

पायरी २ : मार्गारिटाच मागवा

इथे नवशिक्याची पहिली कसोटी लागते. चेनच्या काउंटरवरचा मुलगा नम्रपणे विचारेल, ‘सर, एक्स्ट्रा चीज ॲड करू? कॉम्बो घेतला तर फक्त ऐंशी रुपये जास्त.’ गल्लीतला मालक म्हणेल, ‘आपला पनीर मखनी घेऊन बघा, लोक लांबून येतात.’ दोघांनाही नाही म्हणायचं.

कारण शुद्ध पाण्याचं आहे. कांदा, टोमॅटो, मशरूम, पनीर या सगळ्यांना भट्टीत पाणी सुटतं. जाड बेस ते पिऊन टाकतो, पातळ बेस त्यात भिजून बसतो. सात टॉपिंग घालून पातळ पिझ्झा मागवायचा आणि मग तो मधे ओला लागला अशी तक्रार करायची, यात दोष भट्टीचा नसतो. नेपल्समधलं १८७० सालचं ‘दा मिकेले’ कित्येक दशकं दोनच प्रकार विकत होतं, मारिनारा आणि मार्गारिटा. त्यांच्याकडे कॉम्बो नव्हता, तरी रांग असायची.

पायरी ३ : पट्टी लावा

आसपासचे लोक बघतील. बघू द्या.

बारा इंच म्हणजे साडेतीस सेंटीमीटर. म्हणजे बारा इंची पिझ्झ्यावर मधोमध पट्टी ठेवली की पट्टीच्या टोकाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर पिझ्झा उरायला हवा. पट्टीच पिझ्झ्याबाहेर डोकावत असेल तर ‘हाताने बनवला आहे, थोडं इकडेतिकडे होतं’ हे उत्तर ऐकायला मिळेल. हे इकडेतिकडे नेहमी एकाच बाजूला का होतं, असं विचारू नये.

आता सातवीचं गणित. आठ इंची पिझ्झ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, बारा इंचीचं सुमारे ११३. ‘एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घेऊ, जास्त होईल,’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक टेबलावर असतो. दोन छोट्यांचे १०० होतात, एका मोठ्याचे ११३. हे त्याला एकदा सांगावं, दुसऱ्यांदा सांगू नये.

याहून महत्त्वाचा काठ. चहूबाजूंनी एक इंच कोरा काठ सोडला असेल, तर आठ इंची पिझ्झ्याचा जवळपास ४४ टक्के भाग कोराच राहतो. बारा इंचीत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर येतं. नव्या चेनच्या फलकावर ‘काठापर्यंत टॉपिंग’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर ती नुसती जाहिरात समजू नये. छोट्या पिझ्झ्यात तो खरोखरच फायद्याचा भाग आहे. हा गुण चेनला प्रामाणिकपणे द्यावा.

पायरी ४ : पालथा करून बघा

पिझ्झ्याचं तोंड सगळेच बघतात आणि फोटोही त्याचाच काढतात. जाणकार खालची बाजू बघतो. एक तुकडा टिश्यूवर पालथा घाला.

जाळीचे बारीक चौकोन उमटलेले, रंग सगळीकडे एकसारखा बदामी : हा जाळीवर ठेवून सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमधून आला. आत शिरतो तिथे कच्चा, बाहेर पडतो तिथे तयार. तापमान साधारण २५० अंश, वेळ सहा-सात मिनिटं, आणि शेजारी उभा असलेला मुलगा कालच नोकरीला लागला असला तरी फरक पडत नाही.

वेडेवाकडे काळसर ठिपके, मधे फिकट जागा, बोटाला रवा किंवा कोरडं पीठ लागतं : हा तापलेल्या दगडावर भाजला. इथे कोण उभा होता याने फार फरक पडतो.

ओळीने टोचलेली भोकं, खालून पांढरा, वरून मात्र चीज छान वितळलेलं : हा बेकरीतून आलेला तयार बेस आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आपण सगळे त्यावरच वाढलो. फक्त मेनूवर ‘ऑथेंटिक इटालियन’ लिहिलं असेल तर किमतीकडे पुन्हा एकदा बघावं.

पायरी ५ : तुकडा उचला

तुकडा काठाने धरून उचलला की टोक खाली लोंबतं किंवा ताठ राहतं. नवशिके लगेच म्हणतात, लोंबला म्हणजे कच्चा. थांबा. आधी घराणं विचारा.

नेपल्सच्या पिझ्झ्याचं टोक लोंबणारच. तिथल्या पिझ्झेवाल्यांनी १९८४ साली संघटना काढून नियमच लिहून ठेवले : पीठ हाताने ताणायचं, लाटणं लावायचं नाही, व्यास ३५ सेंटीमीटरच्या वर नको, ४०० अंशांहून जास्त तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंद. काठ फुगीर, मधला भाग पातळ आणि मऊ. या कारागिरीला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. रोमचा पिझ्झा मात्र लाटण्याने लाटतात आणि तो कुरकुरीत, ताठ हवा. शिकागोच्या बारमधला पातळ पिझ्झा आणखी वेगळा, त्याचे त्रिकोण न कापता चौकोन कापतात.

आपल्याकडे ‘थिन क्रस्ट’ या दोन शब्दांत ही तिन्ही घराणी एकाच खोलीत नांदतात. चेनचा बेस बहुधा रोम किंवा शिकागोकडचा असतो, गल्लीतल्या हौशी मालकाचा नेपल्सकडचा. एकाने ताठ राहायचं ठरवलंय, दुसऱ्याने लोंबायचं. दोघांना एकाच तक्त्यात ‘कुरकुरीतपणा : दहापैकी’ असे गुण देणारा परीक्षक नापास समजावा.

पायरी ६ : प्रश्न विचारा

चेनमध्ये विचारा, ‘पीठ कधी मळलं?’ मुलगा गोंधळेल, मग मॅनेजरला बोलावेल. मॅनेजर सांगेल की सगळं स्टँडर्ड आहे. ते खरंच असतं. मोठ्या चेनचं पीठ मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तोलूनमापून येतं. त्यानंतर तुमचा मोबाइल नंबर मागितला जाईल. प्रश्न एक विचारला तरी मेसेज वर्षभर येतात.

हाच प्रश्न गल्लीतल्या मालकाला विचारताना हातात वीस मिनिटं असू द्यावीत. पीठ काल रात्री मळून फ्रिजमध्ये मुरवलं इथपासून सुरुवात होईल. मग मैदा कुठला, चीजचे भाव कसे वाढले, दुकानाचं भाडं किती झालं, आणि आधी आयटीत होतो ते सोडून यात का पडलो. तोवर तुमचा पिझ्झा गार होतोय हे त्याच्याही लक्षात येत नाही.

‘वुड फायर्ड’ची पाटी दिसली तर भट्टी बघायला मागा. मुंबईत मात्र हा प्रश्न जपून विचारावा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिल्यापासून ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं.

मेनू वाचतानाही एक फरक दिसेल. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनी पदार्थापुढे कॅलरी छापाव्यात असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. एकट्या दुकानाला तो लागू नाही. त्यामुळे चेनमध्ये खाताना अपराधी वाटतं आणि गल्लीत वाटत नाही. हा चवीचा फरक समजू नये.

पायरी ७ : घरपोच मागवू नका

सगळ्यात जास्त निकाल इथेच चुकतात. लोक रविवारी रात्री दोन्हीकडून ॲपवर मागवतात, डबे शेजारी उघडतात आणि गुण देतात. पण पातळ बेसमध्ये उष्णता साठवायला जागाच नसते. डब्याचं झाकण लागलं की चीज-सॉसची वाफ आतच कोंडते आणि कुरकुरीत बेस दहा मिनिटांत मऊ आणि वातड होतो. डब्याच्या मधोमध कधी कधी तीन पायांचं छोटं प्लॅस्टिकचं स्टूल असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला विटाले या बाईंना १९८५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पण ते झाकण चीजला चिकटू नये म्हणून आहे, वाफेवर त्याचा इलाज नाही.

डोसा पार्सल आणून ‘या हॉटेलचा डोसा मऊ असतो’ असं कोणी म्हणत नाही. पातळ पिझ्झ्यालाही तेवढाच न्याय द्यावा. भट्टीतून टेबलावर आल्यापासून पाच मिनिटं, घड्याळ लावून. याच पाच मिनिटांत काय ते ठरतं. फोटो, पट्टी आणि प्रश्न दुसऱ्या पिझ्झ्यावर करावेत.

शेवटच्या पायरीआधी काही शंका

*अननस घातलेला पिझ्झा इटालियन आहे का?* नाही, कॅनडाचा आहे. सॅम पॅनोपुलोस या मूळच्या ग्रीक हॉटेलवाल्याने तो १९६२ मध्ये ओंटारिओत पहिल्यांदा केला. २०१७ मध्ये आइसलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी अननसावर बंदी घालायला आवडेल असं गमतीत म्हटलं आणि त्यांना खुलासा प्रसिद्ध करावा लागला. तुमच्याकडे खुलाशाची सोय नसेल तर या विषयावर बोलू नये.

*जैन पिझ्झा कुठे मागावा?* चेनमध्ये असला तर मेनूवर छापलेला असतो, नसला तर नसतो. गल्लीत मेनूवर नसला तरी ‘करून देतो’ असं उत्तर मिळतं.

*ओरेगॅनोची पाकिटं किती मागावीत?* घरातला ड्रॉवर बंद होत असेल तर दोन.

पायरी ८ : वार बघा

आता निकाल. वरच्या सगळ्या पायऱ्या दोनदा कराव्या लागतील. एकदा रविवारी रात्री साडेआठला, एकदा मधल्या वारी संध्याकाळी सातला.

रविवारी गल्लीतल्या भट्टीवर एकामागून एक ऑर्डरी पडतात. प्रत्येक कच्चा बेस दगडाची उष्णता ओढून घेतो आणि दगड पुन्हा तापायला जी चार मिनिटं हवीत ती कोणी देत नाही. सातवा पिझ्झा खालून पांढराच निघतो. रात्री मुरवलेले पिठाचे गोळे नऊला संपतात आणि मग दुपारी घाईने मळलेले बाहेर येतात. त्याच वेळी चेनचा पट्टा त्याच वेगाने, त्याच तापमानावर सरकत असतो. त्याला रविवार आहे हे माहीतच नसतं.

मधल्या वारी उलट. दगड पुरता तापलेला, पीठ आणखी एक रात्र जास्त मुरलेलं, मालक स्वतः भट्टीपुढे आणि मागे रांग नाही. चेनमध्ये या दिवशी काय मिळतं? जे रविवारी मिळालं तेच. हीच तिची हुशारी आणि हीच तिची मर्यादा.

तेव्हा मत विचारलं तर असं सांगावं : रविवारी चेन, मधल्या वारी गल्ली. एकट्या दुकानाला भाडं मात्र सातही दिवसांचं भरावं लागतं आणि आपण सगळे त्याच्याकडे नेमके त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी जातो, हे जमल्यास पुढे जोडावं.

जाण्याआधी फोन करावा, कारण बरेच मालक मंगळवारी दुकान बंद ठेवतात. फोन बहुधा तोच उचलेल आणि किती वाजता येताय ते विचारेल. सांगितलेल्या वेळेला पोचा. पिठाचा गोळा फ्रिजमधून तुमच्या वेळेच्या हिशेबाने बाहेर काढलेला असतो.