घोडा, डबा आणि नियम पंधरा

ट्रेलरचालक होऊ इच्छिणाऱ्या परीक्षार्थी मित्रहो, एमपीएससीच्या गाइडांनी पुण्यातले फुटपाथ भरून गेले, पण चाळीस फुटी कंटेनर घेऊन न्हावाशेव्याहून निघणाऱ्यासाठी कुणी दोन पानांच्या नोट्स काढल्या नाहीत. समाजाची ही सेवा आज आम्हीच उरकतो.

आधी पात्रता. वय २० पूर्ण हवे. हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे. म्हणजे एखादी छोटी मोटार वर्षभर चालवली (किंवा लायसन्स वर्षभर नुसते पाकिटात बाळगले, कायद्याला दोन्ही सारखेच), की तुम्ही अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्याला पात्र. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली, ते बरेच झाले. आठवीच्या कुठल्याच पुस्तकात ट्रेलर जोडणारा किंगपिन नव्हता. डॉक्टरांचा दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. त्यात डोळे तपासायचे असतात, तुमचे.

आता अभ्यासक्रम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ जरूर वाचा. आमच्या मते हे उत्तम ललित लेखन आहे. उमेदवाराला चढावर थांबून, गाडी मागे न घसरता पुन्हा निघता आले पाहिजे. उतारावर झटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे. उलट जात डाव्या-उजव्या अरुंद जागेत गाडी अचूक घालता आली पाहिजे. वाचताना ऊर भरून येतो. मग आरटीओच्या मैदानावर जा. मैदान बहुधा सपाट असते. चढ साहेबांच्या कल्पनेत, उतार तुमच्या. ड्रायव्हिंग स्कूलचा ट्रक असतो, त्याचा क्लच स्कूलच्या माणसालाच कळतो, आणि तुम्ही एक फेरी मारून खाली उतरता.

या ट्रकाला मधे सांधा नसतो, ही बारीकशी गोष्ट राहिली. नोकरी लागते ती सांध्याच्या गाडीवर. पुढचे इंजिन म्हणजे घोडा, मागचा डबा, आणि दोघांचा संसार एका किंगपिनवर. सरळ जाताना डबा आज्ञाधारक असतो. रिव्हर्सला स्टिअरिंग उजवीकडे फिरवाल तर डबा डावीकडे निघतो, आणि वेळेवर सावरले नाही तर घोडा वळून डब्यालाच भिडतो. वळणावर घोडा रुंद घ्यावा लागतो, कारण डब्याची मागची चाके आतून कापत येतात, नेमकी तिथून, जिथे डाव्या बाजूने एखादा दुचाकीस्वार घुसलेला असतो. ही विद्या फेरीभरात येत नाही. पूर्वी ती क्लीनरकी करत, उस्तादाच्या शिव्या खात मिळायची. हल्ली मालकाला क्लीनर परवडत नाही, शाळाच बंद.

सरकार स्वस्थ बसलेले नाही, हेही नोंदवू. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आहे. अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचे प्रशिक्षण, आणि ते पूर्ण केले की आरटीओच्या चाचणीतून सूट. कल्पना चांगली आहे. फक्त त्या सहा आठवड्यांत घरी पैसे कोण धाडणार, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असावा.

खरी परीक्षा ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात. तिला ट्रायल म्हणतात. दोन कंटेनरांच्या मधे डबा रिव्हर्सने लावायचा. परीक्षक म्हणजे बनियनवर, विडी ओढत बसलेला म्हातारा ड्रायव्हर. ब्रेकच्या हवेचे प्रेशर भरण्याआधी तुम्ही गाडी हलवायला गेलात, किंवा आरशाऐवजी खिडकीतून मान बाहेर काढलीत, तर तो काहीच बोलत नाही, फक्त दुसऱ्याला हाक मारतो. आमच्या पाहण्यात देशातली एवढी एकच चाचणी आहे, जिथे नापास करताना कुणाचा फोन येत नाही. दुर्दैवाने तिथेही गाड्या जास्त आणि माणसे कमी असली, की म्हाताऱ्याला चहाला पाठवतात.

उताराचा पेपर मात्र यार्डातही होत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरायचे, की खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी रोखत आणायची, याचे उत्तर उमेदवार थेट रस्त्यावर लिहितो. तेव्हा वाचकहो, पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मागे ट्रेलर दिसला, तर त्याला वाट द्या आणि अंतर ठेवा. नियम पंधरामधली ती परीक्षा बहुधा तिथेच चालू असते.