बँजो घेऊन गोलात बसण्यापूर्वी

अमेरिकेतल्या ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम संगीताच्या घरगुती बैठकीला जॅम म्हणतात. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात. श्रोते बहुधा नसतात आणि असले तर त्यांच्याकडे वादकांची पाठ असते. नवशिक्यांसाठी वेगळी, संथ लयीची बैठक भरते. तिची तयारी म्हणजे मुख्यतः कधी वाजवू नये याची तयारी. बँजो आणणाऱ्याला ती जरा जास्तच करावी लागते.

कोकणात आणि मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बँजो हा नव्हे. तो कळा दाबून वाजवायचा बुलबुलतरंग. या बँजोला मढवलेले गोल तोंड, लांब मान आणि पाच तारा असतात. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मधेच कडेला बसवलेली असते आणि ती फक्त अंगठ्याने छेडायची असते. वाद्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या माणसांनी ते तिथे भोपळ्यापासून घडवले. तोंड ताणून मढवलेले असल्यामुळे आवाज टणटणीत निघतो आणि हळू वाजवायची सोय जवळजवळ नसते. ब्लूग्रासवाले मागच्या बाजूला रेझोनेटर नावाचे लाकडी बूड बसवतात, म्हणजे मागे वाया जाणारा आवाजही समोरच्याच्या अंगावर यावा. ओल्ड-टाइमवाले पाठ उघडी ठेवतात, आणि घरात इतर माणसे राहत असतील तर तिच्यात जुना मोजा कोंबतात.

कोणत्या बैठकीला जायचे हे आधी ठरवावे लागते. ब्लूग्रास हे केंटकीच्या बिल मन्रो यांच्या बँडवरून नाव पडलेले संगीत. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा तरुण त्या बँडमध्ये आला आणि त्याने तीन बोटांत नख्या घालून बँजो असा काही पळवला, की पुढच्या पिढ्यांना संथ वाजवणे कमीपणाचे वाटू लागले. ओल्ड-टाइम त्याहून जुने, डोंगरातल्या गावांच्या नाचाचे संगीत. त्यात क्लॉहॅमर पद्धत चालते: पंजा आखडून तारेवर नखाने वरून खाली मारायचे आणि अंगठा पाचव्या तारेवर टाकायचा. ओल्ड-टाइमच्या गोलात नख्या चढवलेला माणूस शिरला तर त्याला कोणी काही बोलत नाही. फक्त शेजारची खुर्ची हळूच सरकते.

सूर लावणे हे वेगळेच प्रकरण आहे. नेहमीची लावणी ‘जी’ स्वराची, पण हवा बदलली की तोंडाचा ताण बदलतो, आणि घोडी तारांच्या दाबावरच उभी असते, चिकटवलेली नसते. म्हणून मानेला चिमट्याने लावायचा ट्यूनर घ्यावा. भोवती सगळे वाजवत असताना कानाने सूर लावणारा माणूस स्वतः सोडून सर्वांना ऐकू येतो. फिडलवाल्याला, म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्याला, ‘ए’ पट्टी हवी असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो नावाचा चाप लावायचा. त्यात चार तारा आवळल्या जातात, पाचवी बाहेरच राहते. तिच्यासाठी सातव्या पडद्यावर खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळाचा इवलासा खिळा ठोकून तार त्याखाली अडकवतात. महागड्या वाद्यावर हा उपाय सर्रास केला जातो आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. ओल्ड-टाइममध्ये बँजोच्या लावण्याच अनेक असल्यामुळे मंडळी एकाच पट्टीत तासभर बसून राहतात. हा शहाणपणा बँजोवाल्यांच्या छळातूनच आला असावा.

घरच्या सरावात नवशिका बहुतेक वेळ एखादी अवघड रचना पाठ करण्यात घालवतो. ती सहसा ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ असते. १९४९ साली स्क्रग्जने ती ज्या वेगाने ध्वनिमुद्रित केली त्या वेगाने ती नवशिक्यांच्या बैठकीत वाजत नाही, आणि संथ वाजवली तर ओळखू येत नाही. त्यापेक्षा जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड मेट्रोनोमबरोबर न अडखळता बदलता येणे कितीतरी उपयोगाचे. पहिल्या कॉर्डला तर डावा हात रिकामाच असतो, कारण मोकळ्या ताराच ‘जी’ वाजवतात. घरी चुकले की थांबून पुन्हा सुरुवातीला जाता येते. गोल मात्र पुढे निघून जातो. म्हणून चुकलेला स्वर सोडून पुढच्या मात्रेवर उडी मारायचा सराव मुद्दाम करावा लागतो. पीट वर्निक हे नावाजलेले बँजोवादक आपल्या वर्गांत नवख्यांना आधी कॉर्ड धरून साथ करायलाच बसवतात. कॉर्ड कळेनासा झाला तर शेजारच्या गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहावे. त्यासाठी गिटारवर या तीन कॉर्डची बोटे कशी पडतात ते ओळखता आले पाहिजे, आणि गिटारवाला डावखुरा नसला पाहिजे.

ब्लूग्रासच्या गोलात गाणे सुचवणारा पट्टी सांगतो, गातो, आणि दोन कडव्यांच्या मधे प्रत्येकाला एकट्याने वाजवायची पाळी येते. ही पाळी पंगतीतल्या जिलबीसारखी फिरत येते. नको असेल तर वेळेत मान हलवायची, वाढप्याला थांबवून विचार करायचा नाही. माणूस गात असताना बँजोने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बारीक टोला देऊन गप्प राहायचे असते. आयुष्यभर बँजो वाजवूनही ही गोष्ट न जमलेले लोक आहेत, आणि बँजोवादकांवरचे बरेच विनोद त्यांच्यामुळे जन्मले. त्यांतले दोन-तीन आधीच पाठ असावेत, कारण फिडलवाला ते सांगणारच आणि तेव्हा हसावे लागते. ‘ड्युएलिंग बँजोज’ वाजवा अशी फर्माईशही कोणीतरी करतोच. १९७२ च्या ‘डिलिव्हरन्स’ चित्रपटातल्या त्या जुगलबंदीत एक बाजू गिटारची आहे, हे त्याला सांगून उपयोग होत नाही.

ओल्ड-टाइममध्ये पाळी नसते. सगळे एकदमच चाल वाजवतात. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून, असे दहा-पंधरा वेळा. नवख्याने पहिल्या फेऱ्यांत नुसते ऐकावे, मधल्या फेऱ्यांत ठेक्याचे स्वर धरावेत. चाल हाताला लागायला येते तोवर ती संपत आलेली असते. संपण्याची खूण म्हणजे सुरुवात करणाऱ्याने उचललेला पाय. त्यामुळे डोळे स्वतःच्या बोटांवर न ठेवता अधूनमधून समोरच्या बुटांवर ठेवावे लागतात. ज्याला पाय दिसला नाही तो पुढची फेरी एकटाच जोमाने सुरू करतो, आणि वाद्य बँजो असल्यामुळे ते लपत नाही. यावर कोणी काही बोलत नाही. कोणीतरी आत्ताच्या चालीचे नाव विचारतो, दोघे जण दोन वेगळी नावे सांगतात, आणि तो वाद मिटेपर्यंत सूर पुन्हा लावून घ्यायला वेळ मिळतो.