आमच्या आधी आलेली मंडळी

प्लेन्सबरो, न्यू जर्सी
ऑक्टोबर

ति. आप्पा, ति. सौ. आई आणि ति. आज्जी यांस शि. सा. नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर आज्जीला माझं तोंड दिसतं पण ऐकू येत नाही, आणि आप्पांना ऐकू येतं पण ते बागेत असतात. त्यात आता फळछाटणी सुरू, म्हणजे फोन उचलायचा प्रश्नच नाही. म्हणून हे पत्र. भाऊनं रात्रीची जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं. मधली पानं गाळू नयेत. शाळेत तो धडे असेच वाचायचा.

निघताना आज्जी म्हणाली होती, "तिकडं बरं असंल बाई, किडामुंगी तरी नसंल." आज्जी, आहे. रग्गड आहे. आणि आपल्याकडं किड्याला कुणी विचारत नाही, इथं त्याच्यावर कृषी खातं फलक लावतं.

सगळ्यात मोठा फलक लँटर्नफ्लायचा. बोटाच्या पेराएवढा किडा, राखाडी पंखांवर काळे ठिपके. बसलेला असला की अगदी गरीब वाटतो. उडाला की राखाडी साडीखालून लालभडक परकर दिसावा तसे आतले पंख दिसतात. चावत नाही, डसत नाही. तरी दिसेल तिथं पायाखाली चिरडा, असं राज्याच्या कृषी खात्याचं जाहीर आवाहन. आज्जी मुंग्यांना साखर घालते, तेव्हा हे वाक्य वाचताना भाऊनं आवाज जरा खाली आणावा.

आता आप्पांच्या कामाचं. हा द्राक्षाचा वैरी आहे. काडीत सोंड खुपसून रस पितो आणि वर चिकटा सोडतो, मग त्या चिकट्यावर काळी बुरशी. मिलीबग काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. फरक इतकाच की मिलीबग सालीखाली लपतो, हा उघड्यावर थव्यानं बसतो आणि वर तुमच्याकडं बघतो. २०१४ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, बर्क्स काउंटीत तो पहिल्यांदा सापडला. मूळचा चीनचा, मालातल्या दगडांना चिकटून अंडी आली असावीत असं मानतात. २०१८ला न्यू जर्सीत हजर. त्याचं लाडकं झाड 'ट्री ऑफ हेवन', म्हणजे आपल्या महारुखाचं चुलत भावंड. तेही चीनचंच, १७८४ साली हौसेनं फिलाडेल्फियात आणून लावलेलं, आता रुळांच्या कडेला माजलंय. गाववाला आधी येऊन घर करून बसला असला की मागून येणाऱ्याची सोय होते, हे आम्हा भारतीयांनी भरलेल्या एडिसन गावाजवळ राहणाऱ्यांना कुणी समजावून सांगायला नको.

सध्या त्यांचे अंडी घालायचे दिवस आहेत. एका थापेत तीस ते पन्नास अंडी, वर चिखलासारखा लेप. झाडच हवं असं काही नाही; दगड, अंगणातली खुर्ची, गाडीची चाकाजवळची जागा, काहीही चालतं. यांच्यापायी सरकारनं जिल्हेच्या जिल्हे क्वारंटाईनमध्ये घातले आणि गाडी बाहेरगावी न्यायची तर काय काय तपासायचं याची यादी काढली. पूर्वी सहलीला निघताना जावईबापू डबे मोजायचे, आता गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली बघतात. अंडी सापडली तर जुन्या कार्डानं खरवडायची आणि हँड सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत बंद करायची. शेजारणीकडं कोरोनातल्या इतक्या बाटल्या उरल्यात की तिनं आम्हाला घरभरणीला त्याच दिल्या.

पलीकडच्या गुजराती काकू जैन आहेत. त्यांच्यापुढं मोठाच पेच होता. त्यांनी वाट काढलीय: सरकार म्हणतं दिसला तर मारा, म्हणून त्या चष्मा घरी ठेवून फिरायला जातात.

तुमची नात मात्र भलतीच इमानदार. हा किडा पुढच्या दिशेनं उडी घेतो, तेव्हा पाय समोरून आणायचा, हे ती शाळेतून शिकून आली. मंडळाच्या गणपतीत आरती रंगात आलेली असताना पुढच्या काकांच्या चपलेवर एक लँटर्नफ्लाय येऊन बसला. काकांनी खास कोल्हापूरहून मागवलेली चप्पल, आत काकांचा पाय. किडा वाचला. काका आमच्याशी बोलतात, पण हल्ली जरा लांब उभं राहून.

इथल्या माणसांना मात्र याचं फार नवल नाही. जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोही याच राज्यात, रिव्हरटनच्या एका नर्सरीत, १९१६ साली. अंगावर हिरवी-तांबडी झळाळी, आणि गुलाबाच्या पानांची अशी चाळण करतो की फक्त शिरा उरतात. यांपैकी एकालाही कुणी व्हिसा विचारला नाही. आम्ही लग्नाच्या फोटोंचा अल्बम काखेत धरून मुंबईत कॉन्सुलेटच्या रांगेत उभे होतो.

पण आप्पा, हा व्यवहार एकतर्फी नाही हं. फायलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड इथूनच युरोपला गेली आणि १८६०च्या दशकापासून तिनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. शेवटी औषध सापडलं तेही इथलंच: अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर कलम करायचं. तुमचा डॉगरिज खुंटसुद्धा टेक्सासचा. मी इकडं यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "काय ठेवलंय त्या अमेरिकेत?" तासगावातली तुमची अख्खी बाग अमेरिकेच्या मुळांवर उभी आहे, आणि त्या खुंटांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जपलंय.

आई, तुझ्यासाठी स्टिंक बग. ढालीच्या आकाराचा करडा ढेकण्या, हाही पूर्व आशियातून आलेला. थंडीची चाहूल लागली की खिडकीच्या फटीतून आत शिरतो आणि पडद्याच्या घडीत हिवाळा काढतो. भाडं नाही, त्रास नाही, पण चेंगरला की वास सोडतो. आणि तो वास, देवाशप्पथ, कोथिंबिरीचा. उगाच म्हणत नाही, त्याच्या वासातली काही रसायनं कोथिंबिरीतही असतात. परवा मी दार लावताना एक फटीत सापडला. जावईबापू कामावरून आले, उंबऱ्यातच थांबले, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वड्या केल्यास?" त्यांना खरं सांगावं की पटकन बेसन भिजवावं, या विचारात मी क्षणभर उभी राहिले. खरं सांगितलं. तेव्हापासून जुडी आणली की आधी ते तिच्यात कोण बसलंय ते बघतात.

गोचिडाचं थोडक्यात सांगते, नाहीतर आई काळजी करेल. इथं हरणं परसात येतात आणि त्यांच्या मागं गोचीड. त्यातल्या एका जातीमुळं लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकटमधल्या लाइम गावावरून ते नाव पडलं. म्हणून गवतात जायचं तर पँट मोज्यात खोचायची आणि आल्यावर अंग तपासायचं. चिकटलाच तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. आज्जी म्हशीचे गोचीड असेच काढायची, इथं त्याचं रंगीत पत्रक मिळतं.

आणि सिकाडा. हे मात्र इथलेच, अस्सल भूमिपुत्र. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण गावात त्यांच्याविषयी आदरानं बोलतात. हा प्राणी सतरा वर्षं जमिनीखाली झाडाच्या मुळांचा रस पीत बसतो. सतराव्या वसंतात आठ इंच खोलीवरची माती १८ अंशांच्या आसपास तापली की सगळे एकदम वर येतात, काही ठिकाणी एकरी पंधरा लाखांपर्यंत. नर असे केकाटतात की अंगणात बोलायचं तर ओरडावं लागतं. महिन्याभरात लग्नं, अंडी, सगळं उरकून मरून जातात. शेजारचं प्रिन्स्टन त्यांच्यासाठी नावाजलेलं. १९७० साली बॉब डिलनला तिथल्या विद्यापीठानं मानद पदवी दिली तेव्हा यांचाच गजर चालू होता, आणि त्यानं पुढं त्यावर गाणं केलं. मागची खेप २०२१ला येऊन गेली. पुढची २०३८ला.

हे सगळं शेजाऱ्यांनी जावईबापूंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. जावईबापूंचं ग्रीन कार्ड भारतीयांच्या रांगेत आहे, आणि ती रांग किती वर्षांची ते सांगायला वकीलही तयार नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सतरा वर्षं? पण त्याला तारीख दिलीय ना?"

तर तुम्ही तिघं जूनमध्ये या. खरड छाटणी उरकलेली असेल, आणि इथं काजव्यांचे दिवस असतील. त्यांच्यासाठी भंडारदऱ्याला जायला नको, की चिखलात गाडी लावायला नको. मागच्या दारी पायरीवर बसलं की गवतातून वर उठताना दिसतात. एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखी चमकून तिच्या नराला बोलावते आणि आला की खाऊन टाकते. हे आईला निवांत सांगेन, आप्पा झोपल्यावर.

येताना मेतकूट, कुळथाचं पीठ आणि आज्जीचा जुना लोकरी स्कार्फ आणा. इथल्या एसीत तिला लागेल. आप्पा, एक हात जोडून विनंती. सोनाका द्राक्षाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत घालू नका. काडी, रोप, माती, काही नाही. विमानतळावर बीगल कुत्री बॅगा हुंगत फिरतात, आणि तुम्ही "शेतकरी आहे" असं सांगितलं तर ते अजूनच जवळून बघतील. बूटही घासून आणा. बेदाणे चालतात का, ते विचारून कळवते. तोवर पाच किलो बांधून ठेवू नका.

तुमची,
ताई

ता. क. भाऊ, गोचिडाचा भाग आईपुढं वाचला नसशील तर बरं केलंस.