माझं अपेंडिक्स

जिला शाळेत असल्यापासून दर महिन्याला पोटात कळा येतात, तिला त्याच कळा ओळखू येऊ नयेत, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण गरोदरपणाचे नऊ महिने पाळीला सुट्टी, बाळंतपणानंतर पाचसहा आठवडे अंगावरून जात होतं ते वेगळं, आणि त्यापुढे पुन्हा सुट्टी. एवढ्या सुट्टीत तर शिकलेली बाराखडीही विसरतो माणूस.

आशाताईंनी मला सावध केलं नव्हतं असं नाही. दवाखान्यातलं बाळंतपण असलं तरी पहिल्या 42 दिवसांत त्यांच्या सहा चकरा असतात, आणि त्यांतल्या एकीत त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं होतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध हवं. तिन्ही अटी असतील तर 100 पैकी 98 जणींना दिवस राहत नाहीत. मी त्यातलं ‘अंगावरचं दूध’ एवढंच ऐकलं आणि बाकीच्या अटी माझ्यासाठी नाहीतच असं धरून चालले. बाळ रांगायला लागलं, रात्रीचं सलग झोपू लागलं, नाचणीचं सत्व आणि वरणभात चापू लागलं, तरी माझी खात्री तशीच!

दुखायला लागलं ते ऐन उसाच्या हंगामात, भल्या पहाटे. ओटीपोटातून निघालेली कळ कंबरेला वळसा घालून मांडीत उतरली. सासूबाईंनी उठायच्या आधीच निदान केलं. “वायू धरलाय. डिंकाचे लाडू खायचे आन् बसून ऱ्हायचं, मग दुसरं काय व्हनार?” बाळासाठी भिजवलेला हिंग त्याच वाटीतून माझ्याही बेंबीला लागला. बाळ लगेच झोपलं. मी ओवा चावत घरभर फेऱ्या मारत राहिले.

तेवढ्यात अहोंनी मोबाईल उघडला. “उजव्या बाजूला दुखतंय का?” त्यांनी विचारलं आणि त्या क्षणापासून उजव्या बाजूला दुखायला लागलं. अपेंडिक्स ठरलं. बाळ सासूबाईंकडे देऊन आम्ही मोटारसायकलवरून निघालो, तर राहुरी फॅक्टरीच्या वाटेवर पुढे उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. त्या बाजूला होणार नव्हत्या आणि गतिरोधक तर जागचे हलतच नाहीत. मागं बसून मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. वाटण्यासारखं फार काही नव्हतं, पण पैठणी नणंदेला जाऊ द्यायची नाही, एवढं पक्कं केलं.

सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी प्यायला लावून मला बाकावर बसवण्यात आलं. दोन्हीकडे गरोदर बायका आणि समोर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. माझं तर साध्या पोटदुखीचं निदान अडलं होतं.

नंबर लागला. डॉक्टरबाईंनी विचारलं, “शेवटची पाळी कधी?”

“मागच्या वर्षी,” मी जरा ऐटीतच सांगितलं.

“कंबर भरून येते? चिडचिड होते?”

“चिडचिड आहे,” अहो माझ्याआधी बोलले. लग्नापासून एवढ्या तत्परतेनं त्यांनी माझी बाजू कधी मांडली नव्हती.

“आधी बाथरूमला जाऊन या.”

जाऊन आले. अपेंडिक्स सुरू झालं होतं.

आता पॅड हवं. पॅडवरचा जीएसटी 2018 साली गेला, पण दुकानातली काळी पिशवी आणि अहोंची कुजबुज काही गेली नाही. ते मेडिकलमध्ये गेले आणि हळूच ‘पॅड’ म्हणाले. दुकानदारानं साईज विचारली. गडबडून यांनी बाळाचं वजन सांगितलं, आणि काळ्या पिशवीतून डायपरचा पुडा आला. वेळ निभावली. शोषून घेण्याच्या बाबतीत डायपरला नाव ठेवायला जागा नाही.

डॉक्टरबाईंनी हसू आवरत समजावलं. बाळ पीत असतं तोवर प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक बीजकोशाला गप्प बसवतं; पाजणं कमी झालं की तो पुन्हा कामाला लागतो. वरच्या दुधावरच्या बाळाच्या आईला तर सहा-आठ आठवड्यांतही पाळी येते. सुरुवातीच्या पाळ्या कधी जास्त, कधी कमी, कुणाच्या कळा वाढतात तर कुणाच्या बाळंतपणानंतर चक्क हलक्या होतात. भंडारदरा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटायचं असलं की आमच्याकडं आधी पेपरात येतं, मला मात्र कसलीच आगाऊ सूचना नव्हती. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणजे पाळी यायची वाट बघत बसलेल्या बाईला तिच्याआधीच दिवस राहू शकतात. हे ऐकून अहो बराच वेळ पाटीकडे बघत राहिले.

पुढची पाळी इतकी लांबली की चाचणीची पट्टी आणावी लागली. यावेळी दुकानात मी स्वतः गेले.

तेव्हा बायांनो, बाळाच्या पिशवीत डायपरशेजारी आपलंही एक पॅड ठेवा. कळांसाठी गोळी घ्यायची तर अंगावर पाजताना चालणारी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि तासाभरात एक पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप किंवा घाण वास असेल, तर ओवा चावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. रिक्षानं जा.