खेळ पुण्यात, पोट्टा भंडाऱ्यात

"भाऊजी, आयकलं का जी?" वहिनींनी तांदळाचं सूप वॉलकंपाउंडवर टेकवलं. खात रोडवरच्या आमच्या गल्लीत याचा अर्थ अर्ध्या तासाची निश्चिंती. "आमचा पोट्टा म्हनते, प्लेस्टेशनचा डबा नोको, खेळ आता नेटवरूनच येते. खरं हाय का मले येडी बनवून रायला?"

"खरं आहे वहिनी. खेळ चालतो लांबच्या संगणकावर. तुमच्या टीव्हीवर नुसतं चित्र येतं. पोरानं बटण दाबलं की निरोप तिकडे, नवं चित्र इकडे."

"म्हंजे पन्नास हजार वाचले?"

सोनीचं प्लेस्टेशन 5 फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात आलं ते 49,990 रुपयांना. वहिनींनी मनातल्या मनात त्याचं धान केलं असणार. 2025-26 च्या 2,369 रुपये हमीभावानं एकवीस क्विंटल होतं!

"पन हे सोनीवाले आन् एक्सबॉक्सवाले तर एकमेकांचे दुस्मन ना?"

दुश्मनी जुनीच. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स बाजारात आला तेव्हापासूनची. तरी मे 2019 मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टनं सामंजस्य करार केला: सोनीचे खेळ मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउडवरून घरोघर पोचवता येतील का, ते मिळून पाहू. त्याआधी दोनच महिने, मार्चमध्ये, गूगलनं नेटवरून खेळ चालवणारं स्टेडिया दाखवलं होतं. मला विचाराल तर त्या धास्तीनंच दोघं एका टेबलाशी बसले. गंमत अशी की सोनी या धंद्यात नवखी नव्हती. नेटवरून खेळ चालवणारी गायकाई नावाची कंपनी तिनं 2012 मध्येच 38 कोटी डॉलरला घेतली होती. खेळ होते, अक्कल होती, पण जगभर डेटासेंटर बांधायचे म्हणजे खजिना लागतो.

"आता समजलं," वहिनी खडे वेचता वेचता म्हणाल्या. "साकोलीकडं माह्या दोन काकांचं धुऱ्यावरून बोलनं बंद हाय. पन धान दोघांचं एकाच मामा तलावाच्या पान्यावर पिकते. मले एवढं सांगा, यांचा तलाव कोनाचा?"

"मायक्रोसॉफ्टचा."

"मंग सोनीचा खेळ चालो का एक्सबॉक्सचा, पानीपट्टी तिकडंच!"

कराराच्या बातम्यांत दोस्तीचं कौतुक फार झालं. वहिनींनी मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा, मालगुजार शोधला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिओनंही आपल्या डेटासेंटरांसाठी अझुरशीच हात मिळवला, हे मी सांगितलं तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या.

दोस्ती टिकली का, तर टिकायचं काय कारण? मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2022 मध्ये कॉल ऑफ ड्यूटी बनवणारी अॅक्टिव्हिजन 68.7 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि सोनी विरोधात उभी राहिली. कॉल ऑफ ड्यूटी दहा वर्षं प्लेस्टेशनवर राहील असं ठरलं, तेव्हा 2023 चा जुलै उजाडला. ब्रिटनच्या नियामकानं तर क्लाउडवर खेळ चालवायचे हक्क युबिसॉफ्टकडे द्यायला लावले. आणि ज्याच्या भीतीनं एकत्र आले ते स्टेडिया? 18 जानेवारी 2023 ला गूगलनं गुंडाळलं, गिऱ्हाइकांचे पैसेही परत केले.

"आमच्याकडं पोचन का पन हे?"

एक्सबॉक्सची नेटवरून खेळायची सेवा भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये सुरू झाली. मायक्रोसॉफ्टचं डेटासेंटर पुण्यात 2015 पासून आहे. समजा खेळ तिथून निघाला, तर काचेच्या तारेतून भंडाऱ्यापर्यंत यायला प्रकाशाला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. खोळंबा वाटेतल्या वळणांचा आणि गल्लीतल्या शेवटच्या तारेचा.

"शेवटच्या बांधीले पानी कवा पोचते, मले नोका सांगू. मोबाइलवर चालन का?"

"चालेल. पण चांगल्या चित्राला वीस एमबीपीएस धरा, म्हणजे तासाला नऊ जीबी. तुमच्या पोराचा पॅक दिवसाला दोन जीबीचा. तेरा मिनिटांत खलास."

"तेराच?" वहिनींनी सूप उचललं. "मंग खेळू द्या जी. तेवढ्यात माह्या भाताच्या शिट्ट्या होते."