समुद्र कुणाच्या बाजूला

कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी घेऊन हिंडायचं तर दक्षिणेकडून उत्तरेकडे यावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत डाव्या सीटवर बसून बसून तयार झालं आहे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, चालक उजवीकडे बसतो आणि अरबी समुद्र पश्चिमेला आहे. या तिन्ही गोष्टी बदलणं कुणाच्या हातात नाही. त्यामुळे अलिबागेहून खाली गोव्याच्या दिशेने जायला लागलं की सगळा समुद्र चालकाच्या बाजूला जातो आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या वाट्याला येतात डोंगर, जांभ्याचे गडगे, कोकम सरबताच्या पाट्या आणि म्हशी. ज्याने रस्त्यावरून नजर हलवायची नाही त्याला समुद्र, आणि जिला दिवसभर दुसरा उद्योग नाही तिला गडगा.

माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिकडे पॅसिफिकच्या काठाने जाणारा तो प्रसिद्ध हायवे आहे ना, तो बहुतेक लोक सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसकडे, म्हणजे वरून खाली करतात. किनारा आपल्यासारखा पश्चिमेचाच, पण गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून खाली जाताना समुद्राकडची लेन आपली आणि समुद्राकडची खिडकी शेजारच्याची. अमेरिकेने बायकांची एवढी सोय पाहिली आहे, हे मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तिकडे खड्डे नसतात. इथे समुद्र माझ्या बाजूला असला तरी मी बघतो खड्डेच." हे मात्र खरं होतं.

म्हणून या वेळी आम्ही कराड, मलकापूर करून आंबा घाट उतरलो, रत्नागिरी गाठली आणि तिथून गाडीचं तोंड उत्तरेला वळवलं. पुढे गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारे लागतं. रस्ता चढत चढत डोंगराच्या कडेला येतो आणि एका वळणावर खालचे दोन्ही किनारे एकदम दिसतात. समुद्र माझ्या खिडकीत. मी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि अगदी घरच्यासारखी बसले. पुढच्या वळणावर गाडी थांबली. "इंजिन जरा थंड होऊ दे," नवरा म्हणाला. गाडी रत्नागिरीहून निघून अर्धा तासही झाला नव्हता. तो उतरला, कठड्याला टेकून बराच वेळ इंजिन थंड होण्याची वाट पाहत उभा राहिला. इंजिनाकडे त्याची पाठ होती.

आता एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर लोक माझ्या भरवशावर जातील आणि फसतील. 'सागरी महामार्ग' या नावाने ओळखला जाणारा रेवस ते रेडी हा रस्ता सागरी आहे, पण सागर त्यावरून सारखा दिसत नाही. तो कधी सड्यावरून जातो, कधी खाडीच्या काठाने आत वळतो, आणि गावात शिरला की दोन्हीकडे घरंच घरं. गुहागर घ्या. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यावरून बघाल तर ओटी, अंगण आणि घरामागे नारळी-पोफळीचं आगर. घराचं तोंड रस्त्याला, पाठ समुद्राला. किनाऱ्यावर जायचं तर कुणाच्या तरी कुंपणालगतची बोळवजा वाट शोधायची, सुरूच्या बनातून बाहेर पडायचं, आणि मग तो एकदम समोर. केळशी, मुरूड, दिवेआगर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. खारं वारं, वाळू आणि पावसाळा ज्याला बारमाही सोसायचा आहे तो माणूस समुद्राला ओटीवर कशाला बसवील? 'सी व्ह्यू' ही आपली, घाटावरच्यांची हौस. आम्ही जिथे उतरलो त्या घरच्या काकूंना मी विचारलं, "तुम्ही रोज समुद्रावर जाता का हो?" त्या म्हणाल्या, "पाहुणे आले की जात्ये." वर लगेच, "रात्री मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा. मागाहून म्हणाल तर नाही हो जमायचं." समुद्र वाट पाहील, नारळ आधी खवायला लागतो.

अंतराचंही कोकणात खरं नसतं. नवरा सकाळी फोनमध्ये बघून "चाळीस किलोमीटर, तासाभरात पोचू" असं जाहीर करतो आणि दुपारी जेवणाच्या वेळेलाही आम्ही वाटेतच असतो. सरकारने अलीकडे देशाचा किनारा नव्याने, बारकाईने मोजला, तेव्हा आपण शाळेत घोकलेले ७,५१६ किलोमीटर वाढून ११,०९८ झाले. जमीन वाढली नाही, समुद्रही तोच. प्रत्येक खाडीत, प्रत्येक खोबणीत शिरून मोजलं, एवढंच. आम्ही हेदवीला बामणघळ बघायला थांबलो, खडकातल्या त्या अरुंद चिरेत लाट घुसून उंच उसळेपर्यंत ताटकळलो, वेळणेश्वरला नारळपाणी प्यायलो. बारकाईने मोजलं तर प्रवास असा लांबतोच. नवऱ्याला हा हिशोब पटला नाही, पण शहाळ्यातली मलई त्याने मागून घेतली.

या रस्त्याची खरी गंमत मात्र जिथे तो संपतो तिथे आहे. सह्याद्रीचा कणा किनाऱ्याच्या इतका जवळ, की नद्या उगवतात आणि जरा धावून समुद्राला मिळतात. मुखाशी समुद्र आत घुसून त्यांच्या रुंद खाड्या झालेल्या. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. महाबळेश्वरच्या ज्या देवळातून कृष्णा निघते तिथूनच ही सावित्रीही निघते. एक पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, दुसरी घाटाखाली उतरून इथे पोचतेसुद्धा. अशा प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्यात जातो आणि गाडी बोटीवर चढवावी लागते. या फेरीबोटींना इकडे सगळे 'जंगल जेटी' म्हणतात. दाभोळ-धोपावेची २००३ साली सुरू झाली. ती नसती तर गुहागरहून दापोलीला जायला पार चिपळूणचा वळसा.

बोटीवर गाडी चढवताना खलाशी समोर उभा राहून हात हलवतो. "येऊ द्या, येऊ द्या. उजवीकडे तोडा. अजून. सरळ करा. बस्स! हँडब्रेक ओढा." आणि माझा नवरा, ज्याला लग्न झाल्यापासून मी "उजवीकडे जागा आहे" म्हटलं की "दिसतंय मला" एवढंच उत्तर येतं, तो त्या लुंगीतल्या पोराचा शब्द न् शब्द पाळत होता. मान डोलवत होता. "ठीक आहे ना?" असंही वर विचारत होता. मला तो खलाशी काही दिवसांसाठी पुण्याला न्यावासा वाटला.

एकदा बोट सुटली की मात्र कुणाचीच बाजू राहत नाही. सगळे गाडीतून उतरून जिन्याने वर जातात. फणसासारखा फुगलेला टेम्पो, दोन मोटरसायकली, शाळेची पोरं, कुणाचं तरी माहेरपण आटोपून निघालेलं बोचकं, सगळं एका डेकवर. एकीकडे खाडीचं मुख आणि पलीकडे मोकळा समुद्र, दुसरीकडे खारफुटी आणि डोंगर. बोट पलीकडे लागेपर्यंत आम्ही दोघं कठड्याला उभे होतो आणि रस्ता चुकला का, पेट्रोल किती आहे, पुढे जेवण कुठे, यातलं काहीही बोललो नाही. गाडीत बसलं की हे विषय आपोआप निघतात. सीटबेल्टमध्येच काहीतरी असावं.

दाभोळनंतर मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. मग हर्णै, तिथला संध्याकाळचा मासळीचा लिलाव. वाळूवर सुरमई-पापलेटांचे वाटे मांडलेले आणि बोली इतकी वेगात, की नवऱ्याने नाकावरची माशी हाकलायला हात वर केला तो मी धरूनच ठेवला. केळशी, वेळास करत आम्ही वेसवीला आलो आणि सावित्री ओलांडून हरिहरेश्वरला पोचलो.

तिथली प्रदक्षिणेची वाट देवळामागून कड्यावर चढते, दोन खडकांमधल्या चिंचोळ्या पायऱ्यांनी खाली उतरते आणि पुढे समुद्राच्या खडकांवरून जाते. ओहोटीलाच जायचं, भरतीत लाटा त्या वाटेवरच येतात. नवरा फोनवर भरतीचं वेळापत्रक शोधत बसला, रेंज येत-जात होती. घरमालक आजोबा झोपाळ्यावर होते. "कसलं बघताय? उद्या पंचमी," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट करा. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. सहा तास मागे या, दहाच्या सुमाराला सुकती. साडेआठला निघा, उतरत्या पाण्यात." झालं. चंद्र रोज सुमारे पाऊण-पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग, एवढंच त्या हिशोबामागे आहे. पण ज्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ केली तिला ते झोका न थांबवता जमतं. फोनला रेंज आली तेव्हा काही मिनिटांचाच फरक निघाला. नवऱ्याने आजोबांना तो फरक सांगितला. आजोबा म्हणाले, "लाटेला विचारून बघा, ती कुणाचं ऐकते."

श्रीवर्धन सोडल्यावर आरावी, शेखाडीवरून दिवेआगरला जो रस्ता जातो, तो मात्र नावाप्रमाणे सागरी. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये फक्त रस्ता. आरावीच्या पुढे मी म्हटलं, "थांबव. आता मी चालवते. तू इकडे बस आणि समुद्र बघ." एवढी दानशूर मी सहसा होत नाही. तो डावीकडे येऊन बसला. समोर उन्हात चमकणारं पाणी, काळे खडक, त्यांच्यावर फुटणारा फेस, काय हवं ते होतं. आणि तो बघत होता स्पीडोमीटर. मग समोरची बैलगाडी. मग माझा डावा हात. "तिसरा टाक." "वळण आहे." "तो बाइकवाला येतोय." त्याच्या उजव्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी प्रत्येक वळणावर तो दाबत होता. शेखाडी मागे गेलं तेव्हा मी विचारलं, "कसा होता?" म्हणाला, "रस्ता चांगला केलाय."

दिघीला बोटीवर गाडी मीच चढवली. खलाशी समोरून हात हलवत होता आणि नवरा शेजारून त्याचं भाषांतर करत होता. शेवटी खलाशीच म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी खाली उतरा."

वरच्या डेकवर एक मावशी टोपली पायाशी घेऊन बसल्या होत्या, पलीकडच्या, दुसऱ्या मुरूडच्या बाजाराला निघालेल्या. आता या सगळ्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. बाणकोटच्या खाडीत तर खांब कधीचे उभे आहेत, पलीकडे पोचायचे राहिलेत. नवरा त्यांना म्हणाला, "मावशी, पूल झाला की या बोटीची मजा जाणार हो." माझ्याही मनात तेच होतं, म्हणून मी गप्प राहिले.

"मजा?" मावशी म्हणाल्या. "रात्री पोरीचं पोट दुखायला लागलं, तर शेवटची बोट गेलेली. कुठून कुठून वळसा घालून न्यायची तिला? होऊ दे की पूल." मग जरा वेळाने, आमची तोंडं बघून बहुधा, त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे असं नाही. समुद्र बघत चाललोय."

"मग पूल झाल्यावर परत या. वरून झकास दिसेल. दोन्हीकडून पाणी."

नवऱ्याचा चेहरा उजळला. मी त्याला सांगितलं, की उत्तरेकडे येताना पुलावरही समुद्र डावीकडेच राहणार, उजवीकडे असेल ती खाडी. तो म्हणाला, खाडीतही पाणी खारंच असतं. मी म्हटलं, मग तू खाडी घे. त्यावर आम्ही आगरदांड्याला बोट लागेपर्यंत बोलत होतो, आणि मावशी टोपलीवर हात ठेवून मन लावून ऐकत होत्या.